पाचोडहून परत आलेली बैलगाडी

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा मी तिशीच्या आसपास होते. आता माझे केस तुमच्यापेक्षा पांढरे झालेत. मधल्या काळात पुष्कळ बदललं. शहराचं नाव बदललं. छावणीतल्या तुमच्या शिलाईच्या दुकानाच्या गाळ्यात आता मोबाइल दुरुस्त करणारा बसतो, आणि गुरुवारच्या बाजाराला गेले की मी त्याच्यासमोरून उगीच हळू चालते. पण ते सांगायला लिहायला बसले नाही. मला तुम्हाला एक विचारायचं आहे. तुमच्या हयातीत ते विचारायची गरज पडेल असं कधी वाटलं नव्हतं, आणि आई असती तर तिला विचारलं असतं. आता तीही नाही.

तुमच्या जावयांचे हात कापतात. कंपवात आहे. गोळ्या चालू आहेत, पण गोळ्यांनी फक्त थोडं सावकाश होतं, थांबत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तुम्हाला आठवतं का, हे मला बघायला बिडकीनहून आले तेव्हा तुम्हाला नीटसं दिसत नव्हतं. पोरगा गोरा की काळा, उंच की बुटका, तुम्ही काही विचारलं नाहीत. ह्यांचा हात हातात घेतलात आणि बराच वेळ तसाच धरून ठेवलात. पाहुणे गेल्यावर आईला म्हणालात, "हात कामाचा हाय. द्यायची पोरगी." मी आतल्या खोलीत ऐकत होते आणि मला तुमचा राग आला होता, की नवरा निवडायची ही काय रीत. पण हात खरोखर कामाचे निघाले. वाळूजच्या कंपनीत टूलरूममध्ये हयात गेली ह्यांची. केसाएवढा फरकसुद्धा ह्यांच्या बोटाला कळायचा. घरात कधी मिस्त्री बोलवावा लागला नाही.

रिटायर झाल्यावर हे घरात बसून चिडचिड करायला लागले. तेव्हा आमच्या गारखेड्याच्या कॉलनीत एक नर्सबाई राहायला आल्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पैठण तालुक्यातल्या दवाखान्यांत काढलेली. त्या एकदा सहज म्हणाल्या की वस्तीवरच्या अंगणवाड्यांमध्ये लेकरं प्लॅस्टिकच्या फुटक्या झाकणांशी खेळतात, त्यांना खेळायला काहीच नसतं. ह्यांनी ते मनावर घेतलं. समाजमंदिराच्या मागं पत्र्याची शेड रिकामी पडली होती, ती कॉलनीनं दिली. वाळूजच्या कंपन्यांमध्ये यंत्रं ज्या लाकडी पेट्यांतून येतात त्या पेट्या ओळखीनं मिळायला लागल्या. मग दर रविवारी सकाळी तिथं आठदहा माणसं जमायची. कुणी पेट्यांचे खिळे उपटायचं, कुणी रंधा मारायचं, कुणी पॉलिश पेपरनं घासत बसायचं. नर्सबाई सगळ्यांना जय भीम करून आत यायच्या आणि खुळखुळ्यांच्या कडा घासायला घ्यायच्या. बस चालवून रिटायर झालेले एक ड्रायव्हरभाऊ होते, ते ह्यांच्या हाताखाली काम शिकले आणि बघता बघता ह्यांचे दोस्तच झाले. पैसे कुणी घेत नव्हतं. मी जायची ती फक्त सोबत म्हणून. चहाचा थर्मास न्यायची, आणि तयार झालेल्या खेळण्यांना जवसाचं तेल लावायची. रंग नको, लेकरं तोंडात घालतात, असं नर्सबाईंचं म्हणणं होतं. तेल लावलं की पेटीचं ते फिकट लाकूड मधासारखं दिसायला लागतं.

ह्यांचं खास खेळणं म्हणजे बैलगाडी. दोरीनं ओढली की चाकाबरोबर बैलांच्या माना वरखाली व्हायच्या. लेकरं तर सोडाच, शेडमधली मोठी माणसंसुद्धा आपली गाडी झाली की एकदा अंगणातून ओढून बघायची. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला भोक पाडून त्यात लहानशी खुंटी ठोकायची. ते भोक सरळ आणि बेताचं पडायला पाहिजे. सैल झालं तर खुंटी आज ना उद्या बाहेर येणार. हे नव्या माणसाला तेवढंच परत परत सांगायचे, आणि ते काम कुणाच्या हाती द्यायचे नाहीत.

हात कापायला लागले तेव्हा ह्यांनी आधी चष्म्याला दोष दिला, मग ड्रिल मशीनला. भोकं तिरकी पडायला लागली. एका रविवारी मी तेलाचं फडकं घेऊन कोपऱ्यात बसले होते, आणि हे नव्या पेट्या उतरवून घ्यायला रस्त्यापर्यंत गेल्याबरोबर ड्रायव्हरभाऊंनी ह्यांच्या गाड्या उचलल्या, खुंट्या काढल्या, भोकं नीट केली, जाड खुंट्या ठोकल्या आणि गाड्या होत्या तशा रांगेत ठेवल्या. नर्सबाई दाराकडं बघत उभ्या होत्या. भाऊंनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून तेल लावत राहिले. मग दर रविवारी तसंच चाललं, आणि त्यावर आमच्यापैकी कुणी कधी एक शब्द बोललं नाही.

मला तेव्हा तुम्ही आठवलात अण्णा, रोज आठवलात. मी कॉलेजला होते आणि तुमच्या डोळ्यांत काचबिंदू उतरत होता. लष्करातली माणसं वर्दी शिवायला तुमच्याशिवाय कुणाकडं जात नव्हती. तुम्ही दुपारी जेवून घरी आडवे होता, आणि आई दुकानातून आणलेली वर्दी मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसते. वाकडी गेलेली शिवण उसवते, बाही पुन्हा लावते, हातशिलाईनं. चुलीवरचं वरण उकळत असतं, ती मधूनच उठून ते ढवळते आणि पुन्हा बसते. तुम्ही उठायच्या आत वर्दी घडी करून पिशवीत गेलेली असते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तुझ्या अण्णाला बोलू नको. त्यांचं नाव हाय बाजारात." मी नाही बोलले. पण मला वाटलं आपणही काही करावं, म्हणून एका संध्याकाळी दुकानात आले, तुम्ही सुईत दोरा ओवायला धडपडत होता, आणि मी तुमच्या हातातून सुई घेतली. तुम्ही मोठ्या आवाजात कधी बोलत नव्हता. तेव्हाही बोलला नाहीत. गिऱ्हाईक समोर बसलेलं होतं, त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालात, "मी मागितलं का?" मी सुई परत दिली. तुम्ही ती ओवलीत, पण तोवर ते गिऱ्हाईक नंतर येतो म्हणून उठून गेलं होतं.

आणि मग तो दिवस, ज्याच्याबद्दल मला विचारायचं आहे. कुणाची तरी शिवलेली पँट पाटावर पडली होती, आई पाणी भरायला गेलेली. तुम्ही जेवता जेवता डाव्या हातानं ती जवळ ओढलीत आणि अंगठा शिवणीवरून वरपासून खालपर्यंत फिरवलात. मी भाकरी वाढत होते. तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईचा टाका लई बारीक." एवढंच. मग पँट बाजूला ठेवून जेवायला लागलात. त्यानंतरही वर्षभर तुम्ही दुकान उघडत होता आणि आई दुपारी उसवत होती. तुम्हाला कळलं होतं का अण्णा? की तुम्ही नुसतं आईचं कौतुक केलंत, तिच्या एखाद्या लुगड्याचा टाका आठवून? मी तेव्हा विचारलं नाही. कळलं असेल, तर ते वर्ष तुम्ही कसं काढलंत?

मागच्या उन्हाळ्यात ड्रायव्हरभाऊ नातीच्या लग्नाला गावी गेले होते, आणि त्याच आठवड्यात पाचोडकडं न्यायला टेम्पो आला. खेळणी पोत्यात भरली आणि गेली. मला माहीत होतं की ह्यांच्या गाड्यांना त्या रविवारी कुणी हात लावलेला नाही. नर्सबाईंनाही माहीत होतं. पण हे समोर उभे राहून एकेक गाडी स्वतः पोत्यात घालत होते, आणि आम्हाला दोघींना काही सुचलं नाही.

पुढं काही दिवसांनी, आम्ही सगळे कामात असताना, एक बाई शेडच्या दारात येऊन उभी राहिली. पाचोडच्या पलीकडच्या एका वस्तीवरची अंगणवाडी सेविका. पिशवीतून तिनं बैलगाडी काढली, एक चाक वेगळं, आणि रुमालाच्या गाठीतून ती खुंटी. एका लेकरानं चाक ओढून काढलं, खुंटी तोंडात घातली आणि ती घशात अडकली. लेकरू निळं पडायला लागलं होतं. ह्या बाईनं त्याला मांडीवर पालथं घातलं आणि पाठीत थापट्या मारल्या, तेव्हा खुंटी बाहेर पडली. "म्या तक्रार घेऊन नाय आले," ती म्हणाली. "लेकरू चांगलं हाय. पर तुमास्नी सांगावं वाटलं."

शेडमधलं ड्रिल मशीन कुणीतरी बंद केलं. ह्यांनी गाडी हातात घेतली, उलटी केली, आसाचं भोक उजेडाकडं धरलं. हात कापत होता म्हणून गाडीही हलत होती आणि बैलांच्या माना वरखाली होत होत्या. ते कुणालाच बघवेना. "ही माझी हाय," हे म्हणाले. नर्सबाई घाईघाईनं बोलल्या की उन्हाळ्यात लाकूड आटतं, कुणाच्याही गाडीचं झालं असतं. आणि तेवढ्यात ड्रायव्हरभाऊंच्या तोंडून गेलं. ते रडवेले झाले होते. "मी त्या रविवारी इथं असतो तर हे झालंच नसतं."

हे त्यांच्याकडं बघत राहिले. मग नर्सबाईंकडं, मग माझ्याकडं. मी तुम्हाला सांगते अण्णा, ह्यांना सगळं समजायला तेवढंच पुरलं. ह्यांनी हत्यारं पुसली, एकेक करून पेटीत ठेवली आणि चपला घातल्या. रस्त्यानं आम्ही पुढं-मागं चालत आलो. घरात आल्यावर मी चहा ठेवला आणि हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"भाऊ माझं काम तपासत होता?"

"व्हय."

"कवापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"तुला ठावं होतं."

चहा उतू गेला. गॅस बंद केला, ओटा पुसला, पुन्हा चहा टाकला. तोवर हे बाहेरच्या खोलीत जाऊन बसले होते.

त्यानंतर मला वाटलं की तुमची गोष्ट सांगावी. इतक्या वर्षांत ती मी ह्यांना कधी सांगितली नव्हती. आई दुपारी उसवायची ते, पाटावरची पँट, तुमचा अंगठा, सगळं सांगितलं. म्हटलं, अण्णांना कळलं होतं, तरी त्यांनी आईला करू दिलं, त्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. हे मला नक्की माहीत नव्हतं, तरी मी नक्की असल्यासारखं सांगितलं. ह्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "त्यांच्या शिलाईनं कुणाचं लेकरू गुदमरत नव्हतं."

मी कपबश्या उचलून आत नेल्या.

पुढच्या आठवड्यात नर्सबाई त्या लेकराला बघायला पाचोडला निघाल्या तेव्हा हे म्हणाले, मीही येतो. ड्रायव्हरभाऊंनी नवीन बैलगाडी करून दिली होती, ती मी पिशवीत घेतली. वस्तीवर लेकरू अंगणात धुळीत खेळत होतं, काही झाल्याची खूण नव्हती. त्याच्या आईनं आम्हाला बसायला सतरंजी टाकली, चहा केला, एक शब्द वावगा बोलली नाही. गाडी हातात घेऊन चांगली आहे म्हणाली, आणि उठून ती वरच्या फळीवर, डब्यांच्या मागं ठेवून दिली. लेकरू गाडीसाठी रडायला लागलं. त्याला कुणी ती दिली नाही आणि आम्हालाही द्या म्हणता येईना. रडत रडत ते ह्यांच्यापाशी आलं आणि उचलून घे म्हणून त्यानं दोन्ही हात वर केले. हे भिंतीला टेकून उभे होते. ह्यांनी आपले हात पाठीमागं नेले आणि तिथंच धरून ठेवले. लेकराच्या आईला वाटलं असेल की म्हातारा माणूस तुसडा दिसतोय. "बाबा, बसा की," ती म्हणाली. हे बसले नाहीत. लेकरू थोडा वेळ तसंच उभं राहिलं आणि मग नर्सबाईंकडं गेलं.

त्या दिवसापासून हे शेडकडं फिरकले नाहीत. भाऊ घरी येतात, बऱ्याच वेळा येतात. त्यांना माफी मागायची असते, पण हे तो विषयच येऊ देत नाहीत. पाऊसपाणी, निवडणूक, बिडकीनकडच्या जमिनींचे भाव, सगळं बोलतात. भाऊ चहा पिऊन उठतात, आणि फाटकापाशी मला विचारतात, "वहिनी, काय करू सांगा." मी काय सांगू? भाऊंनी ज्यासाठी केलं त्याच्यासाठीच मी गप्प बसले होते, आणि आई उसवत होती. तिघांपैकी कुणाचं बरोबर होतं ते मला ठरवता येत नाही.

सकाळी हे शर्टाची बटणं लावायला बसतात. वरचं बटण काजाजवळ नेतात, ते निसटतं, पुन्हा नेतात. मी समोर उभी असते. तुमचं ते "मी मागितलं का?" माझ्या डोक्यात असतं, त्यामुळं हात पुढं करत नाही. न विचारता लावावीत तर ह्यांना राग येईल, आणि नुसतं बघत उभं राहावं तर ते दोघांनाही नकोसं होतं. स्वयंपाकघरात निघून गेले तर मी टाळते असं वाटतं. मग मी काहीतरी आवरल्यासारखं करते, उशीची खोळ झटकते, आणि शेवटी हे म्हणतात, "लाव." कधी म्हणतात, कधी म्हणत नाहीत. जेव्हा म्हणत नाहीत तेव्हा त्या दिवशी आम्ही बाहेर जात नाही.

एका रविवारी ह्यांनीच मला सांगितलं, "तू जात जा. तिथं माणसं कमी पडत असतील." मी नको म्हटलं. हे म्हणाले, माझ्यामुळं सगळंच बंद पडायला नको. म्हणून मी जायला लागले, शेजारच्या वहिनी तोवर ह्यांच्याजवळ येऊन बसतात. आता शेडमध्ये नियम बदललेत. खुंटी आरपार जाईल एवढी लांब असते, पाचर मारून बसवलेली, आणि प्रत्येक गाडी नर्सबाई दोन्ही हातांनी चाकं ओढून बघतात, सगळ्यांसमोर, कुणाचीही असो. आधीच तसं करायला हवं होतं, असं कुणी म्हणत नाही. ड्रिल मशीनवर मी बसते. भाऊंनी शिकवलं. पहिल्यांदा भीती वाटली, मग लाकडात पातं सरळ उतरताना जो आवाज येतो तो ओळखू यायला लागला. घरी आले की मी दारातच पदर झटकते, भुसा आत येऊ नये म्हणून. हे विचारतात, "झालं का काम?" मी हो म्हणते. पुढं ना हे विचारतात ना मी सांगते.

अण्णा, तुम्ही असतात तरी ह्यावर काही बोलला नसतात हे मला कळतं. तुम्ही जेवत राहिला असतात. हा कागद ठेवायचाही नाही, कारण घरात पडलेला कागद हे वाचतात, वाचणं तेवढं अजून नीट जमतं ह्यांना, आणि आता जे लिहिणार आहे ते ह्यांच्या डोळ्यांपुढं यायला नको. रविवारी सकाळी ह्यांची औषधं देऊन मी बाहेर पडते, समाजमंदिराच्या मागं वळते, पत्र्याचं दार सरकवते, आणि मला बरं वाटतं. ह्यांची आठवण येऊनसुद्धा बरं वाटतं. काम संपलं तरी मी निघत नाही, झाडायला थांबते.